कोट बसला का, विचार

“मास्तर, हे कानाजवळ काय लावलंय?” रेवतीनं विचारलं आणि माझा चहा नाकातून बाहेर आला.

ऑगस्टमधली दुपार. सोलापूरचा उकाडा, महिंद्रकर मास्तरांच्या शिवणाच्या दुकानातला पंखा नुसता आवाज करणारा, आणि आरशासमोर ही पोरगी गळ्यापासून गुडघ्यापर्यंत नेव्ही ब्ल्यू कोटात बंद. कॉलरच्या दोन्ही बाजूंना तळहाताएवढी झापडं लोंबत होती, टिचबटणासकट. पाठीमागं, बसायच्या जागी, स्पंज भरलेली चौकोनी गादी. खिसे बाहेरून चार, आतून पाच.

“थंडी वाजायला लागली की कान झाकायचे,” मास्तर तोंडातल्या टाचण्या सांभाळत म्हणाले. “आणि ही मागची गादी बाकड्यावर बसायला. तिकडं बाकडी बर्फागत गार असत्यात म्हणे. आधीच्या पोरांनी सगळं कळवलंय. काय मल्लू?”

“तर. खास मागणी आहे त्यांची,” मी म्हणालो, आणि तोंड पुसायच्या निमित्तानं मान फिरवली.

रेवतीनं आरशातून माझ्याकडं बघितलं. पोरगी हुशार होती.

तर ती झापडं माझी. गादीही माझीच. म्हणजे शिवली मास्तरांनी, पण डोकं माझं.

साखर पेठेत मास्तरांच्या भिंतीला भिंत लावून माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान. फॉर्म भरणं हा पोटाचा धंदा, लोकांच्या फिरक्या घेणं हा आवडीचा. चहावाल्या रेवणसिद्धला मी एकदा ‘आपल्या चहाची लंडनमध्ये चौकशी झाली आहे’ असं शिक्क्याचं पत्र पाठवलं होतं. त्यानं ते फ्रेम करून दोन वर्षं गल्ल्याच्या वर लावलं. एकदा गल्लीतल्या अकरा स्कूटरींना ‘विकणे आहे’ चिकटवून खाली देगावकर वकिलांचा फोन नंबर टाकला. गल्ली मला शिव्या घालायची आणि पुढचा नंबर कुणाचा म्हणून वाटही बघायची.

याच देगावकर वकिलांचं एक विद्यार्थी मंडळ होतं. गरिबाघरचं हुशार पोरगं परदेशात शिकायला निघालं की मंडळ विमानाचं तिकीट काढायचं, तिथला सुरुवातीचा खर्च उचलायचं. वर्षाला दोन पोरं, फार तर तीन. त्यांचे कागद, व्हिसाचे फॉर्म, मेल सगळं माझ्याकडं. आणि कोट मास्तरांकडं.

मास्तर जन्मभर शाळेचे युनिफॉर्म शिवत आलेले. मंडळाचं कानावर आलं तसे आपणहून वकिलांकडं गेले. म्हणाले, द्यायला माझ्याकडं दुसरं काय नाही, पण पोरं थंडीच्या मुलखात जाणार असतील तर कोट माझ्या हातचा. कापड त्यांचं, शिलाई त्यांची. आणि कोट कसला, तर त्यांना येत होता तसला. शाळेच्या ब्लेझरचं कापड, आत सॅटिनचं अस्तर, शिलाईत दोन इंच मार्जिन. युनिफॉर्मवाल्याला सवयच असते, पोरगं वाढणार म्हणून. आता चोवीस वर्षांचा इंजिनिअर कुठं वाढणार आहे? पण मास्तर मार्जिन सोडायचेच. त्यांनी आयुष्यात बघितलेली थंडी म्हणजे सोलापूरची. पंखा पाचवरून दोनवर आणला की झाली थंडी.

पहिला गेला सुनील गुंडेटी, जर्मनीला. महिन्याभरानं मास्तर इंचटेप गळ्यात तशीच ठेवून माझ्या दुकानात आले. म्हणाले, “मेल करशील तेव्हा एवढं एक विचार. कोट बसला का, विचार.”

मी विचारलं. सुनीलनं उलटा फोनच केला आणि हसत सुटला. म्हणाला, काका, इथल्या थंडीत तो कोट म्हणजे अंगावर पेपर गुंडाळल्यासारखा आहे. वर घातला की बँडवाला दिसतो मी. हॉस्टेलच्या हुकाला अडकवून ठेवलाय, कुणी नेला तर सुटलो. मीही हसलो. बँडवाला हे बरोबरच होतं.

मास्तरांना सांगितलं, “बसला म्हणतोय.”

वाटलं होतं माणूस खूश होऊन जाईल. ते तिथंच उभे राहिले. म्हणाले, “नुसतं बसला म्हणजे काय बे? घालणारा माणूस काहीतरी बोलतोच. कुठं घट्ट होतंय, कुठं ओढतंय.”

“काखेत जरा घट्ट होतोय म्हणला,” मी ठोकून दिलं.

त्यांचा चेहरा एकदम उजळला. “म्हणजे घालतोय की,” ते म्हणाले. तसेच दुकानात गेले आणि कागदाच्या पॅटर्नवर खडूनं काखेत अर्धा इंच वाढवला.

तिथं मला खेळ सापडला. पुढं पोरं जात राहिली. मेल यायच्या, वकिलांचे आभार, देणगीदारांचे आभार, मंडळाचे ऋण. कोटाबद्दल कुणी एक अक्षर लिहायचं नाही. मास्तर विचारायचे, आणि मी तक्रार तयार ठेवायचो. तक्रार ऐकली की म्हाताऱ्याला आठवडाभर उत्साह. खिसे उथळ पडतात, हातमोजे मावत नाहीत, म्हणालो, खिसे खोल झाले. पाव ठेवायला आत जागा पाहिजे, म्हणालो, तर आत पाच खिसे. मग माझं डोकंच चालायला लागलं. कानाची झापडं झाली. बसायची गादी झाली. रेवणसिद्धच्या टपरीवर आम्ही चारचौघं बसून पुढच्या वर्षी कोटाला काय फुटणार यावर हसून हसून लोळायचो. कुणी म्हणे शिट्टी, कुणी म्हणे छत्री. मास्तर समोरून गेले की सगळे गप्प, आणि मग परत एकदा.

आता रेवती येमुल. आई विड्या वळायची, बाप लहानपणीच गेलेला. पोलंडच्या हद्दीजवळ जर्मनीतल्या कुठल्याशा गावात तिला प्रवेश मिळाला होता. ट्रायल झाल्यावर ती त्या अवतारातच वाकून मास्तरांच्या पाया पडली. झापडं पुढं लोंबली. मी बाहेर पळालो, हसू आवरेना म्हणून.

जानेवारीत मास्तर पाकीट घेऊन माझ्याकडं आले. पळतच म्हटलं तरी चालेल. परदेशी तिकिटं, पाकीट जाडजूड, वर मराठीत ‘महिंद्रकर मास्तर’ आणि दुकानाचा पत्ता. सहा वर्षांत मास्तरांना आलेलं पहिलं पत्र. मंडळाला नाही, वकिलांना नाही, त्यांना.

मास्तर शिकलेले दुसरीपर्यंत. मापाचे आकडे झरझर लिहायचे, अक्षरं मात्र लागायची नाहीत. शकुंतलाकाकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, तेवढंही येत नव्हतं. ते स्टुलावर बसले, हात मांडीवर घेतले आणि म्हणाले, “वाच. सावकाश वाच.”

मी पाकीट फोडलं. चार पानं, पाठपोट. मधे एका पानावर कोटाचं चित्र, बाण काढून काढून बारीक अक्षरात काहीबाही लिहिलेलं. आधी मनात वाचायला लागलो. पहिल्या पानाच्या मध्यावर आलो आणि तीच ओळ परत वाचली.

तिनं लिहिलं होतं, ‘मास्तर, झापडांचं आणि गादीचं मी सुनीलदादाला आणि बाकीच्यांना फोन करून विचारलं. त्यांच्यापैकी कुणीच तसं कळवलं नव्हतं. तुम्हाला हे कुणी सांगितलं?’

मी वर बघितलं. मास्तर माझ्या तोंडाकडं बघत होते. लहान पोर निकालाच्या दिवशी मास्तरीणबाईंकडं बघतं तसं.

“काय म्हणती? बसला का?”

“छान बसला म्हणती,” मी म्हणालो. “थंडी अजिबात लागत नाही. तिकडची माणसं विचारत्यात, कुठं शिवला म्हणून. तुम्हाला आणि काकूंना नमस्कार.”

“अजून?”

“एवढंच. बाकीचं मंडळाचं आहे, वकिलांना निरोप.”

“तक्रार काय नाही?”

“अजिबात नाही.”

ते माझ्या हातातल्या पानांकडं बघत होते. उजेडात पाठीमागून चित्राच्या रेघा दिसत असणार. “आणि ते चित्र कसलं काढलंय?”

“तिचं कॉलेज,” मी म्हणालो. “इमारत आहे.”

“बरं,” मास्तर म्हणाले. पत्र मागतील असं वाटलं, म्हणून मीच म्हणालो की मंडळाच्या फायलीला लावावं लागतं. त्यावरही बरं म्हणाले आणि उठले. जाताना पाठ फिरवून म्हणाले, “पोरीचं अक्षर बारीक आहे.”

ते पत्र मी खालच्या खणात टाकलं. त्या संध्याकाळी रेवणसिद्धकडं गेलो नाही.

महिन्याभरानं मास्तर तापानं पडले. छातीत कफ साठला. सिव्हिलला आठ दिवस होते. मी रोज डबा घेऊन जायचो. बोलायचं काय ते कळायचं नाही, म्हणून वॉर्डबॉयच्या नकला करून दाखवायचो. मास्तर हसायचे, मग खोकला यायचा, मग नर्स मला बाहेर काढायची. नवव्या दिवशी सकाळी गेले. वय बहात्तर. सगळे म्हणाले, वय होतं, कापडाची धूळ जन्मभर छातीत गेलेली. मीही तेच म्हणालो. खांदा दिला.

रेवतीला मेल केली. तिचं उत्तर दोन ओळींचं. ‘माझं पत्र त्यांना मिळालं होतं का? वाचून दाखवलंत ना?’ मी लिहिलं, हो.

दोन वर्षांनी ती परत आली. अंगानं भरलेली, केस बारीक कापलेले, पण चपला काढून दुकानात यायची सवय तीच. नोकरी लागली होती तिथंच, आईला न्यायला आली होती. मला म्हणाली, काका, मला काकूंकडं जायचंय, तुम्ही चला. दुकानाच्या मागच्या खोलीत काकू एकट्याच राहायच्या. सकाळचे अकरा वाजलेले. मशीन भिंतीला लावून त्यावर चादर घातलेली.

काकूंनी तिला जवळ बसवून घेतलं, गालावरून हात फिरवला. चहा झाला. मग रेवती म्हणाली, “काकू, माझं पत्र ऐकून मास्तर काय म्हणाले?”

“कुठलं पत्र ग? ते छान बसला लिहिलं होतंस ते?”

रेवतीनं माझ्याकडं बघितलं. आरशातून बघितलं होतं तसंच, पण आता मधे आरसा नव्हता.

माझ्याकडं उत्तर तयार होतं. माझ्याकडं कायम असतं. तोंड उघडलं, आणि निघालं भलतंच. “मी वाचलं नाही,” मी म्हणालो. “पत्र मी वाचलंच नाही त्यांना. ते मी मनानं सांगितलं.” मग झापडांचं सांगितलं. गादीचं, खिशांचं, काखेतल्या घट्टाचं, सहा वर्षांचं. टपरीवरच्या हसण्याचंही सांगितलं. कुठं थांबायचं कळेना.

काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होत्या. मी गप्प झाल्यावर म्हणाल्या, “ते ठाऊक होतं त्यांना.”

“काय?”

“त्या दिवशी तुझ्याकडनं आले ते गप्पच होते. मग मला म्हणाले, छान म्हणायला चार पानं कोण लिहितं? छान म्हणायला एक ओळ लागती. पोरीनं काहीतरी काढलंय, आणि मल्लूला ते वाचवंना. आणि म्हणाले, त्या पोरांनी पण कधी काय कळवलं नसंल. गादी काय कोट घालणारा माणूस मागतो होय?”

मी चहाचे रिकामे कप एकात एक घालायला लागलो.

“मग म्हणाले, कुणी सांगत नाही तर आपण बघू,” काकू म्हणाल्या. “माझा भाऊ बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला वॉचमन आहे. त्याच्याकडं गेले. पुढच्या पोराचा कोट शिवून तयार होता, तो अंगात घालून गेले. फेब्रुवारीचं ऊन, रिक्षात सगळी बघत होती म्हणे. तासभर बसतो म्हणून आत गेले आणि दोन तास बसले. भाऊ बोलवायला गेला तर उठंनात. कानाला झापडं लावून त्या गादीवर बसले होते. आले तेव्हा ओठ निळे पडले होते. म्हणाले, झापडं तेवढी बरी आहेत, बाकी सगळा कोट चुकलाय.”

आणि मग ताप. ते काकू बोलल्या नाहीत. तारखा मला पाठ होत्या.

रेवती माझ्याकडं न बघता म्हणाली, “आणा ते पत्र.”

मी दुकानात गेलो. खालच्या खणात होतं, सहा वर्षांच्या मेलच्या प्रिंटांखाली. दार ओढून घ्यावं आणि बसून राहावं असं वाटलं. दोघी पलीकडं वाट बघत होत्या, म्हणून गेलो. रेवतीकडं पत्र दिलं तर तिनं घेतलं नाही. म्हणाली, “तुम्ही वाचायचं होतं.”

मग मी वाचलं. सावकाश वाचलं.

तिनं लिहिलं होतं की तिच्या अंगावर आजवर जे चढलं ते दुसऱ्याचं उतरलेलं. तिच्या मापानं, ती समोर उभी असताना, कुणीतरी शिवलेली ही पहिली वस्तू. म्हणून तिला नुसतं छान आहे म्हणून पत्र संपवता येत नाही. कोट तिनं दोन महिने रोज घातला, दुसरा नव्हता म्हणून. बसस्टॉपवर रडण्याइतकी थंडी वाजली. मग एका जुन्या कपड्यांच्या दुकानातून दुसरा घेतला. पण त्या दुकानात ती चार शनिवार जात राहिली, आणि तिथले कोट उलटे करून बघत राहिली. दुकानातली बाई आधी संशयानं बघायची, मग तीच एकेक कोट काढून दाखवायला लागली. ते सगळं चित्रात काढलंय, तिनं लिहिलं होतं. कापड आणि अस्तराच्या मधे जाड थर असतो, टाके घालून जागच्या जागी बसवलेला. बाहीच्या आत मनगटाला घट्ट बसणारी दुसरी छोटी बाही असते.

‘आणि मास्तर, सगळ्यात मुख्य म्हणजे बटणांच्या मधून वारा आत येतो,’ मी वाचलं. ‘इथं बटणांच्या मागं आतून एक रुंद पट्टी असते, गळ्यापासून खालपर्यंत. माप दिलं आहे. तुम्हाला हे सहज जमेल. झापडं मात्र काढू नका, ती चांगली आहेत. पुढच्या वर्षी जो येईल त्याला तुमचा कोट पुरेल, असं मी इथं सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. अजून काही विचारायचं असेल तर मल्लूकाकांना सांगा, ते मला मेल करतील.’

खाली नाव होतं. पानं मी मांडीवर ठेवली.

“पट्टी,” काकू म्हणाल्या. “आतनं पट्टी.”

“हो,” रेवती म्हणाली. तिनं चित्राचं पान काढून त्यांच्यासमोर धरलं, बोट ठेवून दाखवलं.

काकूंनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, “हेच शोधत होते. सिव्हिलला पडल्या पडल्या सुद्धा. बटणांतनं वारं शिरतंय ग, म्हणायचे, ती तिकडची माणसं काय करत असतील? चादरीच्या काठाला दुमडी घालून घालून बघायचे. मी म्हटलं, मल्लू रोज डबा घेऊन येतोय, त्याला सांगा. तो विचारंल की पोरीला.”

“मला एकदासुद्धा म्हणाले नाहीत,” मी म्हणालो.

“नकोच म्हणाले. त्याला विचारायला सांगितलं तर त्याला कळंल, मला कळलंय म्हणून. लाजंल तो, म्हणाले. रोजचा शेजारी आहे.”